‘टिल’ म्हणजेही ‘पर्यंत’ आणि ‘बाय’ म्हणजेही ‘पर्यंत’, मग कुठे काय लिहायचं?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असं लिहिलं, वरिष्ठांनी ‘टिल’ खोडून ‘बाय’ केलं आणि कारण काही सांगितलं नाही. डिक्शनरीत तर ‘टिल’चा अर्थ ‘पर्यंत’ असाच दिलाय. मग चुकलं काय?

डिक्शनरीतला अर्थ बरोबर आहे, पण अर्धा. आपलं ‘पर्यंत’ दोन कामं करतं आणि इंग्रजीने ती दोन शब्दांत वाटून दिली आहेत. ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा: ‘मी पाचपर्यंत थांबते.’ ‘मी पाचपर्यंत येते.’ पहिल्यात थांबणं सलग चालू आहे, पाच वाजता ते संपतं. दुसऱ्यात येणं एकदाच घडणार, पाचच्या आधी कधीतरी किंवा फार तर पाचला. मराठीत हा फरक क्रियापदावरून कळतो, म्हणून ‘पर्यंत’ बदलावं लागत नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘टिल’ किंवा ‘अनटिल’, दुसऱ्यासाठी ‘बाय’. तुमच्या वाक्याचा अर्थ इंग्रजी कानाला असा लागतो की शुक्रवार उजाडेपर्यंत तुम्ही रिपोर्ट पाठवतच राहणार आणि मग थांबणार.

मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. त्यांना नियम पाठ करायला लावत नाही, मराठी वाक्यात ‘कधीही’ घालून बघायला सांगते. ‘शुक्रवारपर्यंत कधीही पाठवा’ हे नीट लागतं, म्हणून ‘बाय’. ‘पाचपर्यंत कधीही थांबा’ हे कानाला खटकतं, म्हणून ‘टिल’. फॉर्म भरणे, पोहोचणे, पैसे देणे, काम संपवणे ही ‘बाय’ची क्रियापदं. राहणे, थांबणे, वाट बघणे, झोपणे, दुकान उघडं असणे ही ‘टिल’ची. काही क्रियापदं मात्र दोन्हीकडे जातात. ‘रविवारपर्यंत घर रंगवणार’ म्हणजे रविवारी रंग पूर्ण झालेला असेल, की रविवारपर्यंत रंगकाम चालू राहील? मराठीत आपण ‘रंगवून होईल’ किंवा ‘रंगवत राहू’ म्हणून ते स्पष्ट करतो. तसं आधी मनात स्पष्ट करून घ्या, मग इंग्रजीकडे वळा.

हे मला एवढं महत्त्वाचं वाटतं त्याला कारण आहे. शिकवायला लागण्याआधी मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. चेन्नईहून एक गृहस्थ काही कागदांवर सह्या घ्यायला येणार होते. मी त्यांना लिहिलं, ‘आय विल बी इन द ऑफिस बाय सिक्स.’ मला म्हणायचं होतं, सहापर्यंत मी ऑफिसात आहे. त्यांनी वाचलं ते इंग्रजीप्रमाणे बरोबर वाचलं: ही बाई सहापर्यंत ऑफिसात पोहोचेल. ते सव्वासहाला आले, तेव्हा मी घरी निघून गेले होते. त्यांना अनोळखी गावात लॉजवर रात्र काढावी लागली. व्याकरणातली चूक आणि माणसाची गैरसोय यांत किती कमी अंतर असतं ते त्या दिवशी कळलं.

ही गफलत फक्त आपलीच होते असं नाही. हिंदीत ‘तक’ दोन्हीकडे चालतं. जर्मनमध्ये ‘बिस’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी येतो, त्यामुळे जर्मन लोकही इंग्रजी लिहिताना अगदी तुमच्यासारखीच चूक करतात. तेव्हा याचं वाईट वाटून घेऊ नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण याच शब्दाची दुसरी चूक जास्त महागात पडू शकते. ‘जोपर्यंत पैसे मिळत नाहीत तोपर्यंत माल देऊ नका.’ मराठीत नकार दोनदा येतो आणि आपण तो तसाच उचलतो: ‘अनटिल वुई डोन्ट रिसीव्ह द पेमेंट...’ इंग्रजीत ‘अनटिल’नंतरच्या भागात तो नकार नको. ‘डोन्ट रिलीज द गुड्स अनटिल वुई रिसीव्ह द पेमेंट’ एवढंच. यावर उपाय मराठीतच आहे. ‘जोपर्यंत... नाही’ची रचना मोडून ‘पैसे मिळेपर्यंत माल देऊ नका’ अशी करा. नकार आपोआप गळतो आणि वाक्य जवळजवळ जसंच्या तसं इंग्रजीत जातं. ‘तू येईपर्यंत मी थांबते’ याचंही तसंच, ‘अनटिल यू कम’. तिथे ‘विल’ घालायचं नाही. येणं पुढे घडणार असलं तरी ‘अनटिल’नंतर साधा वर्तमानकाळच येतो.

आणि ‘नॉट अनटिल’ बघून घाबरायला होतं ना? त्याला आपल्याकडे नेमका जोड आहे: ‘शिवाय’. ‘द बँक डझन्ट ओपन अनटिल टेन’ म्हणजे बँक दहाशिवाय उघडत नाही. ‘बाबा नऊशिवाय घरी येत नाहीत’ हे वाक्य कोणत्याही मराठी घरातलं आहे, त्यात ‘शिवाय’च्या जागी ‘अनटिल’ ठेवलं की झालं. मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे खुलतात, कारण अवघड वाटणारी रचना ती रोज घरात बोलत असतात.

‘टिल’ आणि ‘अनटिल’ यांच्यात अर्थाचा फरक नाही. वाक्याच्या सुरुवातीला आणि औपचारिक लेखनात ‘अनटिल’ जास्त दिसतो. ‘टिल’ हे ‘अनटिल’चं लघुरूप आहे असं पुष्कळदा सांगतात, ते चूक. ‘टिल’ जुना, ‘अनटिल’ नंतरचा, साधारण इ.स. १२०० च्या सुमाराचा. स्वीडिशमध्ये आजही ‘टिल’ म्हणजे ‘कडे, ला’. स्पेलिंगमध्ये मात्र ‘टिल’ला दोन एल आणि ‘अनटिल’ला एक, हे लक्षात ठेवावंच लागतं. दुकानातल्या गल्ल्यालाही इंग्रजीत ‘टिल’ म्हणतात, पण तो निराळा शब्द.

‘पर्यंत’ जागेसाठी आलं, जसं ‘मी दादरपर्यंत येते’, तर ‘टिल दादर’ म्हणू नका, ‘ॲज फार ॲज दादर’ म्हणा. ‘टिल डेट’ भारतात सगळ्यांना कळतं, बाहेरच्या लोकांना लिहाल तेव्हा ‘टु डेट’ लिहा.

रजेच्या मेलमध्ये मात्र ‘टिल’वर विसंबू नका. ‘ऑन लीव्ह टिल ट्वेल्थ जून’ म्हणजे बारा तारीख रजेत धरली की नाही, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही ठामपणे सांगता येत नाही. आपल्या ‘पर्यंत’चाही तोच घोळ आहे. त्यापेक्षा ‘आय विल बी बॅक ऑन थर्टीन्थ जून’ लिहा. आणि वरिष्ठांना रिपोर्ट खरंच शुक्रवारी संध्याकाळी देणार असाल, तर ‘बाय फ्रायडे ईव्हनिंग’ लिहा, म्हणजे सकाळपासून ते वाट बघत बसणार नाहीत.