वाचकांचे प्रश्न: बूट बदलला की गोष्ट बदलते

प्रश्न : तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गाला सिंड्रेलाची गोष्ट आपल्याकडची करून सांगितली. तिचं नाव सोनी ठेवलं, महालाचा वाडा केला, काचेच्या बुटाऐवजी चप्पल आणली. लेकरं म्हणाली, ‘चप्पल तर कुणालाही येईल की!’ चुकलं कुठं? (शिक्षिका, हिंगोली जिल्हा)

उत्तर : लेकरांनी नेमकं दुखणं धरलं. सगळी गोष्ट त्या बुटावर उभी आहे. शार्ल पेरो यांच्या 1697 मधल्या फ्रेंच गोष्टीत तो काचेचा आहे आणि काच ताणली जात नाही. चीनमध्ये नवव्या शतकात लिहिलेल्या ये शिएन नावाच्या मुलीच्या गोष्टीत सोन्याचा जोडा आहे. चप्पल मात्र मागून उघडी, ती कुणाच्याही पायात जाते. त्याऐवजी भरीव पाटली घ्या. मोठ्या हाताला ती बोटांच्या मुळाशी अडकते, लहान हातातून गळून पडते. दोन-चार, दोन-सहा आणि दोन-आठ मापाच्या धातूच्या तीन बांगड्या वर्गात फिरवा. काचेच्या नकोत, घालून बघताना फुटतात.

पहिल्या दिवशी पेरोची गोष्ट आणि दुसऱ्या दिवशी ये शिएन, दहा-बारा मिनिटांत तोंडी सांगा, काहीही न बदलता. तिसऱ्या दिवशी फळ्यावर दोन गोष्टींचे दोन रकाने पाडा आणि प्रत्येकात लिहा : छळ कुणाचा, मदत कुणाची, ओळख कशावरून? मग चार-चार जणांच्या गटाला फक्त मदत करणारा बदलायला सांगा. सगळंच बदलू दिलं की मोबाईल येतो, सोनी फोन लावते आणि गोष्ट दोन ओळींत संपते.

‘गाय मदत करते’ एवढ्यावर गटाला सोडू नका. ये शिएन माशाला आपल्या वाट्याचं खाऊ घालते, म्हणून मेल्यावरही त्याची हाडं तिला पावतात. गायीला आधी कुणी भाकरी घातली, हे गोष्टीत यायलाच हवं.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाच्या पुढच्या आवृत्तीत पक्षी सावत्र बहिणींचे डोळे फोडतात. ते या वयाला नको. वर्गात कुणाच्या घरी सावत्र आई असेल तर छळणारी मामी करा.

प्रश्न : वर्गात लमाण आणि दखनी बोलणारी लेकरं आहेत. त्यांच्या गोष्टी कशा आणायच्या? (शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’पासून सुरुवात करा. बंगालीत हीच म्हातारी दुधी भोपळ्यात बसून येते. इराणातल्या म्हातारीला वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात. नंतर सगळ्या वर्गाला एकच प्रश्न घरी न्यायला सांगा : ‘आपल्या आजीच्या गोष्टीत म्हातारी कशी सुटते?’ एकट्या लमाण मुलीला उभं करून ‘तुमच्यातली सांग’ म्हणू नका, ती गप्प होते. जी सांगेल तिचं तिच्याच बोलीत, ऐकू येईल तसं देवनागरीत उतरवा. प्रमाण मराठीत सुधारू नका, त्यात गोष्टीचा ठेका जातो. हे काम दसऱ्याआधी उरका. पुढं आई-बापासोबत निम्मी लेकरं उसाच्या फडावर असतात.