आरोपीचा फोटो आणि वर्तमानपत्र : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

अटक झालेल्या माणसाच्या पेपरातल्या फोटोबद्दल इतकी पत्रं आली आहेत, की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. ऐकीव माहितीवर विसंबून लोक आपलंच नुकसान करून घेतात, याची मला काळजी वाटते.

प्रश्न : अटक झालेल्याचा फोटो छापायला कायद्यानं बंदी आहे का?

सरसकट नाही. काही प्रसंगी आहे. ते पुढे येतील.

प्रश्न : माझा भाचा १७ वर्षांचा आहे. मारामारीच्या गुन्ह्यात त्याचं नाव आलं. स्थानिक पेपरनं त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी टाकून फोटो छापला आणि खाली गाव, कॉलेज दिलं. पट्टी असली की चालतं, असं ते म्हणतात.

चालत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापता येत नाही. गुन्हा कितीही गंभीर असो. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गाव आणि कॉलेज कळलं तर पट्टीचा उपयोग काय? पेपरचा तो अंक जपून ठेवा, जन्मदाखला घ्या आणि याच आठवड्यात वकिलाला भेटा.

प्रश्न : आईचं मंगळसूत्र दुचाकीवरच्या दोघांनी हिसकावलं. संशयित पकडल्याची बातमी फोटोसकट आली आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरली. आता आईला ओळख परेडसाठी बोलावलंय. शेजारी म्हणतात, फोटो नीट बघून जा, म्हणजे तिथं गडबड होणार नाही.

कृपा करून असं करू नका. आईनं फोटो पाहिला नसेल तर दाखवू नका. पाहिला असेल तर पुन्हा दाखवू नका.

ओळख परेड ही आईच्या आठवणीची परीक्षा आहे. आपल्याकडे ती बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून घेतात आणि पोलिसांनी त्या वेळी खोलीत थांबायचं नसतं. एका संशयिताबरोबर त्याच्याच वयाची, बांध्याची निदान सहा माणसं उभी करायची असतात. एवढी तजवीज एकाच गोष्टीसाठी : त्या पाच-दहा सेकंदांत पाहिलेला चेहरा हाच का, हे कळावं म्हणून. मध्ये पेपरातला फोटो आला, की आई दुचाकीवरच्या माणसाला ओळखते आहे की फोटोतल्या, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही. ती खोटं बोलत नसते. तिला खरंच तोच चेहरा आठवू लागतो.

एका जबरी चोरीच्या खटल्यात मी आरोपीची वकील होते. उलटतपासात फिर्यादी बाईंना विचारलं, परेडच्या आधी पेपरात फोटो पाहिला होता का? त्या प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणाल्या. ओळखीचा पुरावा तिथंच कोसळला, दुसरा काही नव्हता, आणि आरोपी सुटला. त्यानं चोरी केली होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. त्या बाईंनाही कधी कळणार नाही. फोटो छापणाऱ्यानं दोघांचंही नुकसान केलं.

आरोपीला तोंड झाकून नेताना पाहिलं की लोक चिडतात, ‘याला कशाला लपवता?’ म्हणून. तो बुरखा साक्षीदारासाठी असतो. ज्याची ओळख परेड व्हायची आहे त्याचा चेहरा माध्यमांपुढे येऊ देऊ नये, असं केंद्रीय गृह मंत्रालयानं २०१० मध्येच पोलिसांना कळवलं आहे. तरीही संशयित खाली बसलेले आणि मागे सगळं पथक उभं, असे फोटो अजून छापले जातात.

आईनं फोटो पाहिला असेल, तर तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि परेडपूर्वी दंडाधिकाऱ्यांना सांगा. लपवलं तर उलटतपासात बाहेर येतंच. सांगितलं म्हणून खटला बुडत नाही : परेड हा दुजोरा असतो, मूळ पुरावा कोर्टात शपथेवर पटवलेली ओळख, आणि मंगळसूत्र हस्तगत झालं असेल तर त्यालाही वजन आहे. जाण्याआधी एखाद्या फौजदारी वकिलाशी बोलून घ्या.

प्रश्न : मी तालुका वार्ताहर आहे. फोटो पोलिसच पाठवतात. मग जबाबदारी त्यांचीच ना?

नाही. छापलं तुम्ही, तर जबाबदार तुम्ही आणि तुमचे संपादक. पोलिसांनी माध्यमांना काय सांगावं यासाठी नियमावली करा, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये गृह मंत्रालयाला सांगितलं. त्यानं तुमची सुटका होत नाही. लैंगिक गुन्ह्यात तर आणखी जपा. आरोपी मुलीचा बाप किंवा काका असेल, तर त्याचा फोटो म्हणजे तिची ओळख उघड करणं, आणि ‘पॉक्सो’च्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ खाली तो गुन्हा आहे. शंका आली की फोटो थांबवा आणि कार्यालयाच्या वकिलाला विचारा.

प्रश्न : माझी निर्दोष मुक्तता झाली, पण पेपरच्या संकेतस्थळावर फोटो तसाच आहे. एक कंपनी चाळीस हजारांत ‘इंटरनेटवरून कायमचं पुसून’ देते म्हणते.

एक रुपयाही देऊ नका. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरचं पान कायमचं पुसण्याची हमी कुणी देऊ शकत नाही. घाबरलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचा हा धंदा आहे. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या, संपादकांना नोंदणीकृत टपालानं पाठवा आणि फोटो काढा, मुक्ततेची बातमी द्या, अशी मागणी करा. ऐकलं नाही तर उच्च न्यायालयात दाद मागता येते, पण अशा प्रकरणांत न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत. आधी वकिलाचा सल्ला घ्या.

प्रश्न : नाव सारखं म्हणून फसवणुकीच्या बातमीत माझा फोटो छापला. आठ महिने झाले. ‘जाऊ दे, लोक विसरतील’ म्हणून गप्प बसलो. आता काही करता येईल का?

येईल, पण आणखी थांबू नका. दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, तक्रार दोन महिन्यांत करायची असते, तीही आधी संपादकांना लिहून. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. कौन्सिल ताकीद देतं, ठपका ठेवतं. दंड करू शकत नाही. अब्रुनुकसानीच्या भरपाईचा दिवाणी दावा छापल्यापासून एका वर्षात लावावा लागतो, म्हणजे तुमच्या हातात चार महिने आहेत. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं.

नामसाधर्म्याची चूक किरकोळ नसते. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो २००८ मध्ये एका इंग्रजी वाहिनीनं दुसऱ्याच न्यायमूर्तींच्या बातमीत काही सेकंद दाखवला. सावंत पूर्वी प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष होते. त्यांनी पुण्यात दावा लावला आणि २०११ मध्ये न्यायालयानं शंभर कोटींची भरपाई ठरवली. अपिलासाठी उच्च न्यायालयानं वीस कोटी जमा करायला आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्यायला सांगितली. एवढ्या रकमेची आशा धरू नका, पण नोटीस या महिन्यात जाऊ द्या.

प्रश्न : फरार आरोपीचा फोटो पोलिसांनी प्रसिद्धीला दिला. छापावा का?

हो. तो सापडला की थांबवा.