लाइन गेली अन् रिबेस अर्धवट राहिला

प्रश्न : दादा, मी नागपूरला मानेवाड्यात घरूनच काम करतो, परवा दुपारी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) रिबेस, म्हणजे माझे कमिट (नोंदवलेले बदल) नव्या कोडवर परत चढवणं, चालू असतानाच लाइन गेली अन् पीसी बंद, आता काहीही करायला गेलो की इंडेक्स.लॉक फाइल आधीच आहे म्हणते. फोल्डर उडवून सर्व्हरवरून नवीन क्लोन (पूर्ण कॉपी) घेऊ का?

उत्तर : नको रे भाऊ! पुश न केलेलं, म्हणजे सर्व्हरवर न पाठवलेलं सगळं त्याच फोल्डरमध्ये आहे. आधी आतल्या लपलेल्या .गिट फोल्डरसकट पूर्ण फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर काढ, मगच हात लाव. ती लॉक फाइल म्हणजे एसटीत जागा धरायला टाकलेला रुमाल, माणूस उतरून गेला पण रुमाल तिथंच राहिला. एडिटर बंद कर, टास्क मॅनेजरमध्ये गिट चालू नाही ना बघ, नसेल तरच तेवढी एकच फाइल डिलीट कर. मग गिट स्टेटस कमांड चालव. रिबेस अर्धवट दिसला तर कंटिन्यू कर, नाहीतर अबॉर्ट (रिबेस रद्द), पण अबॉर्टने कमिट न केलेले बदल जातात, खूप जणांचं नुकसान इथंच होतं. कमिट गायब वाटले तर रिफ्लॉग (गिटची आधीच्या हालचालींची नोंदवही) बघ, ब्रांचवरून सुटलेल्या कमिटच्या नोंदीसुद्धा डिफॉल्टने 30 दिवस राहतात. अन् गिट एफएससीके (गिटचा साठा तपासणारी कमांड) एकदा चालवच, अशी अचानक लाइन गेली की एखादं ऑब्जेक्ट (गिटने आत साठवलेली फाइल) शून्य बाइटचं राहू शकतं, ते त्यातच कळतं.