भ्रूण विरघळवतात? छे, थिजवलेला भ्रूण!

प्रश्न : नाशिकमधल्या एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या माहितीपत्रकात 'गोठवलेले भ्रूण विरघळवून गर्भाशयात सोडले जातात' असं छापलंय. 'विरघळवून' बरोबर की 'वितळवून'?

उत्तर : 'विरघळवून' साफ चूक. साखर पाण्यात विरघळते आणि दिसेनाशी होते. बर्फ, मेण, लोणी वितळतं. 'बर्फ विरघळला' ऐकून ऐकून कान किटले. भ्रूण विरघळवल्यावर गर्भाशयात सोडायला उरणार काय? पण मला त्याहून जास्त खटकतं ते त्याच्या आधीचं 'गोठवलेले'.

गोठणं म्हणजे काय, हे नाशिककराला सांगायला नको. निफाडला पारा उतरला की पानांवरचं दव गोठतं, द्राक्षमण्यांना तडे जातात, बागांमध्ये शेकोट्या पेटतात. पाण्याचा बर्फ होताना स्फटिक जुळतात आणि पाणी फुगतं. हेच पेशीच्या आत झालं तर तिचं नाजूक आवरण फाटतं. म्हणून प्रयोगशाळेतली सगळी धडपड आत बर्फ होऊ न देण्याची. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी कोंबड्याच्या वीर्यात ग्लिसरीन घालून ते अतिथंड केलं आणि शुक्रपेशी जगल्या, तिथून ही विद्या मार्गी लागली. हल्ली भ्रूणाच्या पेशींतलं बरंचसं पाणी काढून संरक्षक द्रव्य भरतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये झटकन बुडवतात. स्फटिक जुळायला सवडच मिळत नाही, आतलं सगळं काचेसारखं घट्ट होतं.

याला आपल्याकडे घरोघरचा शब्द आहे : थिजणं. पाणी गोठतं, तूप थिजतं. डिसेंबरात खोबरेलाची बाटली थिजते, ती 'गोठली' असं कुणी म्हणत नाही. तूप कणीदार असतं, त्यातही रवे असतातच की, असा आक्षेप माझ्यावर घेतला गेलाय. असू देत रवे, तुपाला 'गोठलं' म्हणून दाखवा! शिवाय माणूसही थिजतो. भीतीने जागच्या जागी थिजतो, पण जिवंत असतो आणि थोड्या वेळाने हलतो. थांबलेलं, तरी जिवंत. भ्रूणाची अवस्था नेमकी हीच.

आणि मूळ तर बघा! 'थिजणं' मला थेट संस्कृत 'स्त्यै' धातूकडे नेतं. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ 'शब्दसंघातयोः', म्हणजे आवाज करणं आणि गोळा होणं. त्यावरून 'स्त्यान', म्हणजे घट्ट झालेलं, साकळलेलं. प्राकृतात त्याचं झालं 'थीण'. तिथून थिजण्यापर्यंत माझ्या मते एकच पाऊल. आता पतंजलीचा व्याकरणग्रंथ, महाभाष्य, उघडा. तो 'स्त्री' शब्द याच धातूवरून लावतो : 'स्त्यायति अस्यां गर्भः', जिच्या ठायी गर्भ साकळतो, आकार धरतो, ती स्त्री. थिजवलेला भ्रूण आणि त्याची आई एकाच धातूतून निघावेत, याहून सुंदर काय असेल? शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा निरुक्तकार यास्कही हाच धातू घेतो, पण त्याला 'लाजणं' हा अर्थ चिकटवतो. यास्काचार्यांबद्दल आदर आहे, पण हा अर्थ त्यांनी धातूवर लादलेला आहे. घट्ट होण्याचा लाजण्याशी काय संबंध? 'स्त्री'च्या व्युत्पत्तीवर पंडितांचा वाद आहे, पण मी पतंजलीच्या बाजूचा.

पशुसंवर्धनवाल्यांचं 'गोठीत रेत', म्हणजे अतिथंड करून साठवलेलं वळूचं वीर्य, मला तितकं टोचत नाही. तिथे पेशींच्या बाहेर बर्फ होतो, त्यामुळे अर्थ बसतो. फक्त मराठी धातूला संस्कृत 'इत' जोडायची हौस कशाला, 'गोठवलेलं' म्हणा ना! पिंपळगावला मामांच्या गोठ्यात मी त्या रेताची कांडी, म्हणजे ते भरलेली बारीक नळी, जवळून पाहिली आहे. डॉक्टरांनी नायट्रोजनच्या डब्याचं झाकण काढलं तशी पांढरी वाफ काठावरून खाली सांडली. चिमट्याने बारीक कांडी उचलून त्यांनी कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये अर्धा मिनिट धरली, पुसली, मग कापली.

भ्रूणाच्या बाबतीत तर वितळवायला आत बर्फच नसतो. ३७ अंशांच्या द्रवात सोडून त्याला झटकन ऊब देतात, मग संरक्षक द्रव्य टप्प्याटप्प्याने काढतात. म्हणून पत्रकात लिहायला सांगा : 'थिजवलेले भ्रूण ऊब देऊन गर्भाशयात सोडले जातात.' तिथवर यायची त्यांची तयारी नसेल तर 'वितळवून' चालेल. 'विरघळवून' मात्र आजच खोडायला लावा.