स्कॉटिश कंट्री डान्स कागदावर मांडताना

प्रश्न: घरी आकृती काढून पाठ करते, पण एडिनबरातल्या वर्गात गेले की माझं उजवं-डावं उलटं पडतं. कुठे चुकतंय?

तुमची आकृती आरशातली झाली असणार. जोडीदाराकडे तोंड करून उभं राहिल्यावर पुरुषांचा डावा खांदा वादकांकडे असतो आणि स्त्रियांचा उजवा. नाचणाऱ्या जोड्यांच्या समोरासमोरच्या दोन ओळी म्हणजे सेट; त्याच्या वादकांकडच्या टोकाला ‘टॉप’ म्हणतात. टॉप कागदाच्या डाव्या हाताला घेतलात, तर पुरुषांची ओळ खालीच यायला हवी. ती वर गेली की अख्खा नाच उलटतो. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ आणि आत जोडीचा क्रमांक, ही रूढ पद्धतच वापरा.

प्रश्न: ‘फर्स्ट कॉर्नर’ नेमका कोण? दर वेळी गोंधळ होतो.

पहिली जोडी टॉपकडून दुसऱ्या जागेवर (दुसरी जोडी वर सरकलेली), समोरच्या ओळीकडे तोंड करून उभी आहे असं धरा. समोरच्या ओळीत तुमच्या उजव्या हाताला जी व्यक्ती, ती पहिला कॉर्नर; डाव्या हाताला ती दुसरा. म्हणजे पहिल्या पुरुषासाठी आधी तिसरी स्त्री, मग दुसरी. पहिल्या स्त्रीसाठी आधी दुसरा पुरुष, मग तिसरा. या चौघांना जोडणाऱ्या तिरक्या रेघा काढल्या की फुली तयार होते.

ही फुली मला फार जवळची आहे. जून 1940 मध्ये फ्रान्समधल्या सेंट-व्हॅलरी इथे ब्रिटिश सैन्याच्या 51 व्या हायलँड डिव्हिजन या स्कॉटिश तुकडीचे सैनिक जर्मनांच्या हाती लागले. त्यातल्या अधिकाऱ्यांनी जर्मनीतल्या लाउफेनच्या बंदिवासात ‘रील ऑफ द 51स्ट डिव्हिजन’ हा नाच रचला. त्यात 9 ते 16 बारांत (बार म्हणजे संगीताचं एक माप) नाचणारी जोडी पहिल्या कॉर्नरांसमोर सेट करते, म्हणजे जागच्या जागी पावलं टाकते, त्यांना उजव्या हाताने फिरवते आणि चौघांची एक तिरकी ओळ होते. 17 ते 24 मध्ये तेच दुसऱ्या कॉर्नरांबरोबर. दोन्ही ओळी एकाच कागदावर काढा, सेंट अँड्र्यूचा क्रॉस उमटतो, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा. कैदेतल्या माणसांनी आपला झेंडा पायांनी काढला होता. आकृती काढायला का शिकायचं, असं कुणी विचारलं की मी हाच नाच काढून दाखवते.

प्रश्न: मी 32 बारांचा नाच रचलाय. कागदावर सुरेख दिसतो, प्रत्यक्षात अडतो.

वळणांच्या रेघा बाजूला ठेवा. कॅरमच्या सोंगट्या घ्या, पुरुष काळे, स्त्रिया पांढऱ्या, आणि दर आठ बारांनंतर कोण कुठे, तोंड कुणीकडे, कोणता हात मोकळा, एवढंच लिहा. अडचण बहुतेक या सांध्यांवर सापडते: उजव्या हाताने फिरून आलेल्याला लगेच पुन्हा उजवाच हात मागितलेला असतो, किंवा दोन बारांत सेटच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचायचं असतं. चालीत एका बारात एकच पाऊल-संच बसतो. शेवटी नाचणाऱ्या तीन जोड्यांचा क्रम 2, 1, 3 लागतो का पाहा. लागला नाही तर नाच पुढे सरकणार नाही, कारण पहिली जोडी दोनदा नाचून तळाला जाते आणि चार जोड्यांची आठ आवर्तनं त्यावरच चालतात.

प्रश्न: स्ट्राथस्पेसाठी वेगळी आकृती काढायची का?

सहसा नाही. लय संथ, मार्ग बहुधा तोच. तिघांचा रील, म्हणजे तिघांनी एकमेकांभोवती विणत जाणं, जलद लयीच्या जिगमध्येही आठ बारांचाच आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखाच. पूसेट (दोन जोड्यांनी एकमेकींभोवती फिरून जागा बदलणं) मात्र दोन्हीकडे वेगळा, तो दोनदा काढा.