पोस्ट टाकल्यावर फोटो बदलायचाय?
अरे, इन्स्टाग्रामवर एकदा टाकलेला फोटो बदलता येत नाही, उगाच सेटिंग्ज धुंडाळत बसू नकोस. कॅप्शन, टॅग, लोकेशन असलंच काय ते एडिट होतं. हां, एकाच पोस्टमध्ये बरेच फोटो असतील तर तीन टिंबांवर जाऊन एडिट कर, नको असलेल्या फोटोपर्यंत सरकव आणि वरचा कचऱ्याचा डबा दाब, तेवढाच फोटो उडतो आणि लाइक-कमेंट जागच्या जागी राहतात, चुकून भलताच उडाला तरी ३० दिवस रीसेंटली डिलीटेडमध्ये सापडतो. एकच फोटो असेल तर डिलीट करायची घाई नको, आधी अर्काइव्ह कर, म्हणजे पोस्ट डिलीट न होता फक्त तुलाच दिसेल. फेसबुक त्यामानाने बरंय, एडिट पोस्टमधून जुना काढून नवा टाकता येतो. पण कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर मग काय, गेलंच ते.