चार समीकरणांतलं पाऊल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत: मज्जारज्जूतली चेतापेशींची जाळी आणि संगणकावरची त्यांची मॉडेल्स.

प्रश्न : मान कापलेली कोंबडी थोडा वेळ धडपडत धावते, हे गावाकडे सगळ्यांनी पाहिलंय. मग चालणं मेंदू चालवतो की पाठीचा कणा? (एक वाचक, कराड)

कणा म्हणजे मणके. काम करतो तो त्यांच्या आतला मज्जारज्जू. ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी असलेला संबंध तोडला आणि पायाकडून येणाऱ्या संवेदी नसाही कापल्या. तरीही घोट्याचे दोन विरुद्ध स्नायू आळीपाळीने आखडत राहिले. म्हणजे ताल आतच तयार होत होता. त्यांची कल्पना साधी होती: दोन अर्धकेंद्रं एकमेकांना दाबून ठेवतात. एक दमलं की दुसरं उसळी घेतं.

मेंदूकडे मग काय उरतं? चालू-बंद, वेग, दिशा आणि तोल. १९६६ मध्ये शिक, सेवेरिन आणि ऑर्लोव्स्की यांनी मोठा मेंदू तोडलेल्या मांजराच्या मध्यमेंदूतल्या एका जागी विजेचे ठोके दिले. ठोक्यांची ताकद वाढवत नेली तशी चाल संथ पावलांवरून दुडक्या चालीवर आणि पुढे चौखूर धावण्यावर गेली. वरून येणारा आदेश इतका साधा असू शकतो. चार पायांचा तपशील खाली ठरतो. माणसाच्या चालण्यात मात्र मेंदूचा वाटा मांजरापेक्षा बराच मोठा आहे, त्यामुळे कोंबडीवरून थेट माणसावर उडी मारू नये.

प्रश्न : प्रकल्पासाठी पायथनमध्ये मात्सुओका यांचा दोन पेशींचा दोलक (ताल निर्माण करणारं मॉडेल) लिहिला. चालना १, दोन्ही पेशींची सुरुवात ०.१ वर, थकवा शून्य. जलद कालस्थिरांक ०.१ सेकंद, संथ ०.२ सेकंद, दमनाचं वजन ५, थकव्याचं वजन २.५. दोन्ही रेषा ०.१२ वर सपाट होतात. एका पेशीची सुरुवात बदलली तर एक आउटपुट ०.२९ वर अडकतं आणि दुसरं शून्यावर. ताल का येत नाही? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली)

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत, कारण निदान त्यांच्यातच आहे. इतर वाचकांसाठी १९८५ चं हे मॉडेल आधी मांडतो. प्रत्येक पेशीला दोन राशी असतात, स्थिती आणि थकवा. चालना म्हणजे बाहेरून सतत मिळणारा आदेश, आणि कालस्थिरांक म्हणजे राशी बदलायला किती वेळ घेते त्याचं माप. दोन पेशींची मिळून चार समीकरणं:

स्थिती बदलण्याचा वेग = (चालना − स्थिती − थ × स्वतःचा थकवा − द × समोरच्या पेशीचं आउटपुट) ÷ जलद कालस्थिरांक

थकवा बदलण्याचा वेग = (स्वतःचं आउटपुट − थकवा) ÷ संथ कालस्थिरांक

स्थिती धन असेल तर तीच आउटपुट. ऋण असेल तर आउटपुट शून्य. ‘द’ म्हणजे दमनाचं वजन, म्हणजे एक पेशी समोरचीला किती जोराने दाबते; ‘थ’ म्हणजे थकव्याचं.

पहिली चूक सुरुवातीची. दोन्ही पेशी हुबेहूब सारख्या आणि सुरुवातही सारखी, मग संगणकाने कोणाला आधी उठवायचं? दोघी जन्मभर बरोबरच राहणार आणि चालना ÷ (१ + द + थ), म्हणजे १ ÷ ८.५ = ०.१२ वर थांबणार. खऱ्या मज्जारज्जूत गोंगाट असतो, तिथे ही अडचण येत नाही. तुम्ही एक पेशी ०.१ वर आणि दुसरी ० वर सुरू करा.

दुसरी चूक दमनाची. ताल यायचा तर ‘द’ एका पट्ट्यात हवा: (१ + जलद ÷ संथ) पेक्षा जास्त आणि (१ + थ) पेक्षा कमी. तुमच्यासाठी हा पट्टा १.५ ते ३.५. तुम्ही ५ ठेवलंत, म्हणून जिंकलेली पेशी कितीही दमली तरी समोरचीला डोकं वर काढू देत नाही. ती १ ÷ (१ + थ) = ०.२९ वर बसून राहते. उलट ‘द’ १.५ च्या खाली नेलात तर दोघी समजुतीने एकाच पातळीवर येतात आणि हेलकावे विरून जातात. २.५ ठेवा; सेकंदाला एकाच्या आसपास ठोके मिळतील. गणिताची पायरी १ मिलिसेकंद पुरे. ती जलद कालस्थिरांकाच्या दहाव्या भागापेक्षा मोठी करू नका, नाहीतर दिसणारा थरथराट पेशीचा की तुमच्या पायरीचा हे कळणार नाही.

तिसरा खड्डा पुढे आहे, आताच सांगून ठेवतो. वेग वाढवायला तुम्ही चालना दुप्पट कराल. हेलकाव्याची उंची बरोबर दुप्पट होईल आणि ठोक्यांची गती तसूभरही बदलणार नाही. समीकरणांची रचनाच तशी आहे: सगळ्या राशी एकाच पटीने वाढवल्या तर काळ जसाच्या तसा राहतो. गती हवी तर दोन्ही कालस्थिरांक एकाच पटीने कमी करा. अर्थात शिक यांच्या मांजराचा वेग आदेशाच्या ताकदीवर बदलत होता. म्हणजे या जागी मॉडेल जनावरासारखं वागत नाही, आणि अहवालात ते मोकळेपणाने लिहावं. लोक सहसा लिहीत नाहीत.

प्रश्न : ताल ठीक जमला. पण तो दोन पायांच्या आभासी सांगाड्याला जोडला की तीन-चार पावलांत तो तोंडावर पडतो. (पुणे)

पडणारच. ताल आणि तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोलकाचं आउटपुट सरळ सांध्याच्या बलात घातलं असेल तर ते आधी काढा. मध्ये स्नायू हवा. आदेश आल्यावर स्नायू चेतायला १० ते १५ मिलिसेकंदांचा कालस्थिरांक धरतात, सैलावायला ४० ते ५०. सैलावणं संथ असतं हे विसरलं की पाऊल झटके देत उचललं जातं.

मग संवेदना. दोन नियम सगळ्यात जास्त काम करतात आणि दोन्ही मांजरांवरच्या प्रयोगांतून आलेत. ग्रिलनर आणि रोसिन्योल (१९७८): मांडी मागे पुरेशी गेल्याशिवाय पाय उचलला जात नाही. ड्युइसेन्स आणि पिअरसन (१९८०): घोट्याच्या ताणणाऱ्या स्नायूंवर भार असेपर्यंत पाय मुडपणारी बाजू दबलेली राहते. मॉडेलमध्ये मांडी मागे गेल्याचा कोन मुडपणाऱ्या पेशीच्या चालनेत मिळवा आणि पायावरचा भार त्यातून वजा करा. भाराचं वजन कमी पडलं तर अंगाचा भार दुसऱ्या पायावर जाण्याआधीच पाऊल उचललं जातं. तुमचा सांगाडा बहुधा इथेच कोसळत असावा.

संदेश पोचायला लागणारा उशीरही घाला. जायर आणि हेर यांच्या २०१० च्या मॉडेलमध्ये तो घोट्यासाठी २०, गुडघ्यासाठी १० आणि खुब्यासाठी ५ मिलिसेकंद आहे. उशीर शून्य ठेवून वजनं जुळवलीत आणि शेवटी उशीर घातलात, तर सगळी मेहनत परत करावी लागते. गंमत म्हणजे त्या मॉडेलमध्ये दोलकच नाही. पायागणिक सात स्नायू आणि प्रतिक्षिप्त क्रियांच्या जोरावर ते चालतं. म्हणून सांगाडा चालला याचा अर्थ तुमच्या दोलकाने तो चालवला असा घेऊ नका. दोलक बंद करून एकदा बघा.

तोलाचा प्रश्न सध्या बाजूला ठेवायचा असेल तर सांगाड्याचं धड वरून टांगा आणि पायाखाली सरकता पट्टा द्या. प्रयोगशाळेतल्या मांजरालाही असाच आधार देतात.

प्रश्न : यासाठी महागडं सॉफ्टवेअर आणि मोठा संगणक लागतो का? (नागपूर)

नाही. वरचा दोलक कुठल्याही लॅपटॉपवर चालतो. पेशीच्या पडद्यातल्या आयनमार्गांपर्यंत (विद्युतभारित कणांच्या वाटांपर्यंत) जायचं असेल तर ‘न्यूरॉन’ किंवा ‘ब्रायन’ नावाचं सॉफ्टवेअर, स्नायू आणि हाडांसाठी ‘ओपनसिम’, तिन्ही फुकट. न्यूरॉनमध्ये गणिताची पायरी मुळातच ०.०२५ मिलिसेकंद असते. घाई म्हणून ती वाढवू नका, कारण पेशीचा ठोका जेमतेम मिलिसेकंदभराचा असतो.

प्रश्न : मॉडेलचा आलेख प्रयोगाच्या नोंदींशी जुळला. मग मॉडेल बरोबर, असं म्हणायला काय हरकत आहे? (एक संशोधक विद्यार्थी)

हरकत मोठी आहे. प्रिन्झ, बुशर आणि मार्डर यांनी २००४ मध्ये खेकडा-शेवंडांच्या जठरातल्या छोट्या जाळ्याची दोन कोटींहून जास्त रूपं संगणकावर तपासली. अगदी वेगवेगळ्या वजनांच्या जाळ्यांतून जवळजवळ सारखाच ताल निघाला. म्हणजे आलेख जुळणं स्वस्त आहे.

मॉडेलची परीक्षा त्याला मोडून घ्यावी. मांजराच्या तालात कधीकधी एखादा ठोका गळतो, पण पुढचा ठोका नेमका जिथे पडायला हवा तिथेच पडतो. तबलजीने एक मात्रा रिकामी सोडावी तसं. मोजणारा आणि वाजवणारा एकच असता तर गळालेल्या ठोक्यासोबत मोजणीही चुकली असती. म्हणून रायबॅक आणि मॅक्रिया यांनी २००६ मध्ये दोन थर सुचवले: वरचा ताल धरतो, खालचा कोणता स्नायू कधी ते ठरवतो. दोन पेशींच्या दोलकाला हे जमत नाही.

दुसरी परीक्षा उंदरांची. डावं-उजवं आळीपाळीने हलवण्यात ‘व्ही-शून्य’ गटाच्या पेशींचा हात असतो. २०१३ मध्ये त्या पेशी काढलेले उंदीर प्रत्येक वेगाला दोन्ही पाय एकदम टाकत उड्या मारू लागले. त्यांतल्या फक्त उत्तेजक पेशी काढल्या तेव्हा संथ वेगाला पाय आळीपाळीने पडत राहिले, वेग वाढला की उड्या सुरू. तुमच्या मॉडेलमधून तेच दुवे काढा. तिथेही असंच झालं पाहिजे, आणि वजनं पुन्हा न जुळवता.

प्रश्न : मज्जारज्जूच्या इजेनंतर कण्यात इलेक्ट्रोड बसवून पाय हलवता येतात असं वाचलं. यात मॉडेलचा उपयोग काय? (फिजिओथेरपिस्ट, नाशिक)

पहिला उपयोग, वीज जाते कुठे ते कळलं. इलेक्ट्रोड मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणावर असतो. आत मेंदू-मज्जा द्रव आहे आणि त्यातून वीज मज्जारज्जूच्या करड्या, पेशींच्या भागापेक्षा सुमारे सातपट सहज वाहते (१.७ विरुद्ध ०.२३ सीमेन्स प्रति मीटर). २०१३ मध्ये कापोग्रोसो आणि सहकाऱ्यांच्या मॉडेलने दाखवलं की स्नायूंना आदेश देणाऱ्या पेशींपेक्षा आधी चेततात ते मज्जारज्जूत मागून शिरणाऱ्या नसांच्या मुळांतले जाड संवेदी तंतू. म्हणजे यंत्र स्नायू थेट ओढत नाही. ते तुमच्याच रुग्णाच्या प्रतिक्षिप्त मार्गांना हाक मारतं.

दुसरा उपयोग, सतत उत्तेजनावर उंदराला जे जमलं ते माणसाला का जमेना, हे कळण्याचा. कृत्रिम ठोका तंतूत दोन्ही दिशांना धावतो. पायाकडे जाणारा ठोका पायाकडून येणाऱ्या नैसर्गिक ठोक्याला वाटेत भेटला की दोघेही विझतात. हिशेब करून पाहा. तंतू १ मीटर, वेग सेकंदाला ६० मीटर, तर प्रवास सुमारे १७ मिलिसेकंदांचा. कृत्रिम ठोक्याआधीचे १७ आणि नंतरचे १७ मिळून ३४ मिलिसेकंदांच्या खिडकीत पायातून निघालेला ठोका मरतो. सेकंदाला ४० ठोके दिले तर दोन ठोक्यांत अंतर २५ मिलिसेकंदांचं, म्हणजे चेतलेल्या तंतूंतून पायाची खबर वर जातच नाही. उंदराचा तंतू आखूड, प्रवास २ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणून त्याची बरीच खबर वाचते. फोर्मेन्टो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे मॉडेल आणि रुग्ण दोन्हींत दाखवलं, आणि पर्याय सुचवला: कमी ताकदीचे, पण झपाट्याने येणारे ठोक्यांचे झुबके. किंवा त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने तीन रुग्णांत केलं तसं, सतत वीज न देता पावलाच्या ज्या टप्प्याला जे स्नायू हवेत त्यांच्याच मुळांवर नेमक्या वेळी द्यायची.

तुमच्या कामासाठी यातून एक गोष्ट निघते. सतत उत्तेजन चालू असताना रुग्ण ‘पाय कुठे आहे ते कळत नाही’ म्हणाला, तर ते लक्ष न देण्याचं लक्षण समजू नका. ठोक्यांची ताकद आणि वारंवारता लिहून ठेवा, आणि ती ठरवणाऱ्या डॉक्टरांना ते वाक्य जसंच्या तसं कळवा.